शेवटची कधी ओढली?

टकलावर केस लावून घ्यायला आलेला माणूस खोटं बोलतो, हे सिस्टरचं अकरा वर्षांचं मत होतं आणि ते बदलायची पाळी अजून कुणी तिच्यावर आणली नव्हती. वय विचारा, दोन वर्षं खाणार. टोपी का घालता विचारा, उन्हाचं नाव सांगणार. आणि सिगारेटचं विचाराल तर बघायलाच नको. "छे छे, सिस्टर, कधीच सोडली!" कधीच म्हणजे कधी, तर दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आधी. बोटं पिवळी, मिशीची टोकं पिवळी, आणि हे गृहस्थ कधीच सोडून मोकळे झालेले. त्यात शेजारी बायको बसलेली असली तर मग काय, साक्षात हरिश्चंद्र!

म्हणून तिने स्वतःची एक पद्धत बसवली होती. प्रश्न एकच, पण विचारायचा दोनदा. पहिल्यांदा सगळ्यांसमोर, फॉर्म भरता भरता. दुसऱ्यांदा सोबतच्या माणसाला चहाला पिटाळून, दार लावून, हातातलं पेन खाली ठेवून. "हं, आता सांगा. शेवटची कधी ओढली?" दार लागलं की भलेभले पघळायचे. एक बँकेतला साहेब तर म्हणाला होता, "आत्ता, रिक्षातून उतरल्यावर." पहिलं उत्तर ती पेन्सिलने लिहायची, दुसरं शाईने. दवाखान्याच्या सर्जन मॅडम शाईचं तेवढं वाचायच्या आणि त्यावरून ऑपरेशनची तारीख द्यायच्या. ओढणारा निघाला की आधी चार आठवडे बंद कर म्हणायच्या, मग ये.

हा काही सोवळेपणा नव्हता. धुराने डोक्याच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मागून काढून पुढे रोवलेल्या केसाच्या मुळाला पहिल्या दिवसांत रक्त पोचलं नाही तर ते मूळ मरतं, आणि फारच झालं तर खालची कातडीसुद्धा मरते. तशा कातडीवर मग काही रुजत नाही. हे सगळं सिस्टर दिवसातून तीनदा पाठ म्हटल्यासारखं म्हणायची.

आणि आज, ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी, डोकं धुवायच्या खुर्चीत बसलेला पेशंट होता तिचा सख्खा दीर.

दीर सलून चालवायचा. बत्तीस वर्षांचा माणूस, हातात कात्री घेतली की जादूगार, पण स्वतःच्या डोक्यावर सव्विसाव्या वर्षापासून पटांगण. गिऱ्हाइकं काय सोडतात होय? "उस्ताद, आधी स्वतःचं बघ की!" तो हसायचा आणि कात्री चालवायचा. पण वहिनीने एकदा पाहिलं होतं: आरशात आपलं डोकं दिसू नये म्हणून तो गिऱ्हाइकाच्या मागे तिरका उभा राहून केस कापायचा. दिवसभर, वाकडा. त्या दिवसापासून ती त्याच्या मागे लागली. दोन वर्षं लागली तेव्हा कुठे तो तयार झाला. त्याला या खुर्चीत आणून बसवणारी तीच.

तिने कोमट पाण्याने वरची पट्टी भिजवून अलगद सोडवली आणि तिचा हात थांबला.

डोक्याच्या बरोबर मधे, दोन बोटं मावतील एवढा भाग काळवंडला होता. राखाडी म्हणावा की जांभळा, असा. बाकीची कातडी गुलाबी होती, मुळं रांगेत नीट बसली होती, खपल्या हव्या तशा धरल्या होत्या. फक्त मधे तो डाग.

"काय झालं, वहिनी? गप्प का झालात?"

"काही नाही. हलू नका."

तिने कापसाच्या काडीने कडेची कातडी हलकेच दाबून सोडली. पांढरी झाली आणि लगेच गुलाबी झाली. मग डागावर, दोन मुळांच्या मधे, दाबून सोडली. मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. रंग परत आलाच नाही.

"भाऊजी, खरं सांगा. ओढलीत का?"

"नाही हो, वहिनी. तुमची शपथ."

शपथेवर विश्वास ठेवायला तिच्याकडे कारण होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला हृदयाचा झटका आला होता. स्टेंट घालून त्याला बाहेर आणलं त्या दिवशी दोघा भावांनी आपापली पाकिटं तिच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात फेकली होती. दादा सोडतोय तर मीही, असं दीर म्हणाला होता. मधे त्याची एखाद-दुसरी चालू असावी असा तिला संशय होता, म्हणून तर ऑपरेशनच्या आधी रीतसर दार लावून, पेन खाली ठेवून तिने विचारलं होतं. "चार आठवडे झाले, वहिनी. हातही लावलेला नाही." तिने शाईने लिहिलं होतं.

मॅडम आल्या. डोळ्यांवर भिंग चढवून बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"शाईत काय आहे?"

"चार आठवडे बंद."

"तू विचारलंस? दार लावून?"

"हो मॅडम. मीच."

मॅडमनी भिंग काढलं. एरवी त्या खड्या आवाजात बोलणाऱ्या, पण आता आवाज खाली आला. "मग चूक माझी दिसतेय. मुळं फार दाट लावली मी. ओढणारा असता तर एवढी दाट लावलीच नसती. याचा फॉर्म बघून मी हात सैल सोडला."

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक मॅडमची नाही असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मग कुणाची, हे तिला कुठे ठाऊक होतं?

मॅडमनी जांभळ्या पेनाने डागाच्या चारही बाजूंना चार ठिपके काढले. रक्तवाहिन्या उघडणारं मलम दिलं, दर दोन तासांनी कोमट पट्टी ठेवायला सांगितली. "उद्या सकाळी सगळ्यात आधी याला बघू. रंग ठिपक्यांच्या आत सरकला तर जिंकलो. बाहेर गेला तर एवढी जागा गेलीच म्हणून समज. तिथे व्रण राहील, केस कधीच येणार नाही. आणि ऐक, याला सिगारेटच्या जवळपासही जाऊ देऊ नकोस. मलम वाहिन्या उघडणार आणि धूर मिटणार असं असेल, तर मलम चोपडून काही उपयोग नाही."

दीर खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "मधोमध व्रण? मग तर पहिलं टक्कल बरं होतं."

घरी आल्यावर सिस्टरने नवऱ्याला बाजूला घेतलं. नवरा छापखान्यात मशीनवर होता, भावासाठी दोन दिवस रजा टाकून बसला होता.

"अहो, माझा भाऊजींवर विश्वास आहे, पण तरी. यांना एक मिनिट एकटं सोडू नका. संडासला गेले तरी दाराशी उभे राहा."

"अगं, कैदी आहे का तो?"

"उद्या सकाळपर्यंत कैदीच समजा."

नवऱ्याने मान डोलावली. तिला हायसं वाटलं. घरात पहारा ठेवायला यांच्यासारखा माणूस नाही, यांना तर सिगारेटच्या नावानेसुद्धा घाम फुटायला हवा. दिवसभर ती घड्याळ लावून पट्ट्या बदलत राहिली. संध्याकाळी दीर म्हणाला, बसून बसून अंग आंबलं. नवरा म्हणाला, चल, खाली पाय मोकळे करून येऊ. तिने दिराच्या डोक्यावर सैल टोपी नीट बसवून दिली आणि दोघांना पाठवलं. अर्ध्या तासाने दोघं परत आले, सरळ मोरीत जाऊन हातपाय धुतले, आणि जेवायला बसले. ती पोळ्या लाटत होती. बऱ्याच तासांनी तिचा जीव थोडा खाली बसला होता.

सकाळी दवाखान्यात टोपी काढली आणि तिने बघितलं. चारपैकी दोन ठिपके त्या काळ्या डागात बुडाले होते. रंग त्यांना ओलांडून बाहेर गेला होता.

मॅडम अजून यायच्या होत्या. सिस्टर तरातरा बाहेर आली. नवरा बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"काल भाऊजींनी ओढली का? खरं सांगा."

"कशी ओढेल? एक मिनिटही सोडला नाही मी त्याला. खाली फिरायला गेलो तेव्हासुद्धा खांद्याला खांदा लावून होतो." नवऱ्याने पेपर खाली केला. "का गं? वाढलंय का?"

ती औषधांच्या खोलीत गेली, दार लोटलं, आणि कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. ओढली नाही. सूज नाही, पू नाही, ताप नाही. मग कातडी मरतेय कशाने? तिने तो फॉर्म पुन्हा काढला. शाईने लिहिलेलं आपलंच अक्षर. चार आठवडे बंद. दार लावलं होतं. पेन खाली ठेवलं होतं. सोबतचं माणूस चहाला...

सोबतचं माणूस चहाला गेलंच नव्हतं! सोबत आली होती ती स्वतः. त्या दिवशी पेशंटची नातेवाईक आत खोलीतच बसून होती, पांढरा कोट घालून, समोरच्या खुर्चीत. दुसऱ्या कुणाच्या वहिनीला तिने केव्हाच बाहेर घालवलं असतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अकरा वर्षं लोकांच्या बायका नि आया उठवल्या, आणि स्वतःच्या वेळेला शहाणी तशीच बसून राहिली.

मॅडम आल्याबरोबर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "मॅडम, शाईचं उत्तर खोटं धरा. दिराला मी विचारलं म्हणजे घरच्या माणसाने विचारलं. तुम्ही विचारा. मी बाहेर थांबते."

मॅडमचा पारा चढला. "हे तुला काल सुचलं नाही? अख्खा दिवस गेला माझा!"

"काल मला वाटत होतं, मी सिस्टर आहे."

मॅडम फॉर्म घेऊन आत गेल्या आणि दार लागलं.

त्या दाराच्या बाहेर उभं राहायची सिस्टरची ही पहिलीच वेळ. आतलं काही ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. तिनेच दाराला रबराची पट्टी लावून घेतली होती. तरी ती कान देऊन उभी राहिली. पाच मिनिटं. सात. खरं बोललेला माणूस एवढा वेळ घेत नाही, आकडा सांगतो आणि मोकळा होतो. आत एवढं काय चाललंय? तिकडे बाकावर नवऱ्याने एकच पान धरून ठेवलं होतं, उलटत नव्हता. दहा मिनिटं झाली. कोपऱ्यातला नवा पेशंट, टोपीवाला, तिला विचारत होता की फॉर्म कुठे मिळेल. तिने त्याला नुसतं बोटाने दाखवलं.

दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, दार मागे ओढून घेतलं, आणि एका दमात म्हणाल्या, "दिवसाला सहा. चार आठवड्यांत एक दिवसाचा खाडा नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घरून निघताना एक. काल संध्याकाळी दोन. तुला सांगायला त्याने परवानगी दिली, तीही एवढ्याचीच."

"काल संध्याकाळी शक्यच नाही, मॅडम. काल संध्याकाळी हे होते ना सोबत. एक मिनिटही यांनी..."

बोलता बोलता तिची नजर बाकाकडे गेली. बाकावरचा पेपर हळूच वर सरकला आणि नवऱ्याचा चेहरा त्याच्यामागे गेला.

"काय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. मी पट्ट्या गरम करते."

मॅडमना आता कारण सापडलं होतं, मग त्या वाऱ्यासारख्या कामाला लागल्या. मोठ्या हॉस्पिटलात फोन केला, दुपारनंतर तिथल्या ऑक्सिजनच्या बंद खोलीत रोज दीड तास बसवायचं ठरवलं. तोवर इथेच नाकावर मास्क. सिस्टरने नळी जोडली, मास्क चढवला, कोमट पट्टी ठेवली. हात सराईतपणे चालले होते आणि डोकं फुटायची वेळ आली होती.

दिराने मास्क वर उचलला. डोळे भरले होते. "वहिनी, दादाला काही बोलू नका."

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली. "कधीपासून, ते सांग."

"आई गेली तेव्हापासून. तो रडत नव्हता, बोलत नव्हता, नुसता भिंतीकडे बघत बसायचा. मला वाटलं, एक ओढली तर मोकळा होईल. पहिली मीच दिली त्याला. मग रोज संध्याकाळी दुकानावर यायला लागला. स्वतः कधी विकत घेत नाही, माझ्यातलीच ओढतो."

दीड वर्ष. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात तिने नवऱ्याच्या गोळ्या डबीत मोजून भरल्या होत्या, भाजीतलं तेल चमच्याने मोजलं होतं, त्याला जिना हळू चढायला लावला होता.

"काल डोक्याची कातडी मरतेय हे कानांनी ऐकलंस ना? तरी ओढलीस?"

"खाली गेल्यावर त्याने मागितली. मला धीर द्यायचा म्हणून आला होता, पण स्वतःच घाबरला होता तो. दोघांनी ओढल्या."

"आणि मी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"माझं सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कुणाबरोबर. मग मला जमलं नसतं, वहिनी. तुमच्यासमोर मला एकदाच खोटं बोलता येतं." त्याने डोळे पुसले. "म्हटलं, डोकं गेलं तर गेलं. टकलाची मला सवय आहे. अशा छातीने दादा ओढतो हे तुम्हाला कळलं असतं तर घरात काय झालं असतं?"

काय बोलणार या माणसाला? दिवसभर वाकडं उभं राहून जो माणूस आपलं टक्कल आरशापासून लपवतो, त्याने भावाची चोरी झाकायला तेच डोकं पणाला लावलं होतं. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्याच रागात तिने पट्टी बदलली, अगदी हलक्या हाताने, एकही मूळ न हलवता.

दोन तासांनी मॅडमनी पुन्हा काडीने दाबून पाहिलं. सिस्टर शेजारी उभी राहून मोजत होती. कडेला तीन म्हणायच्या आत गुलाबी झालं. थोडं आत सरकून दाबलं, चारला झालं. अगदी मधे दाबलं, दहा झाले तरी काही नाही.

"बटणाएवढी जागा जाईल," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं वाचेल, आजपासून एकही ओढली नाही तर. बाजूचे केस वाढले की झाकलं जाईल. काल खरं कळलं असतं तर कदाचित तेवढंही गेलं नसतं." मग त्यांनी सिस्टरकडे निरखून बघितलं. "तू घरी जा हवं तर. मी आहे इथे."

सिस्टर बाहेर आली. नवरा अजून त्याच बाकावर होता, पेपर घडी करून मांडीवर ठेवला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"थोडी कातडी जाईल. बाकीची वाचेल."

"सुटलो बुवा." त्याने मोठा श्वास सोडला. मग तो चुळबुळला. "त्याने काही सांगितलं का?"

"आधी तुम्हीच सांगितलंत. सकाळी. एक मिनिटही सोडला नाही म्हणालात."

नवऱ्याने पेपरची आणखी एक घडी घातली. समोरून टोपीवाला पेशंट फॉर्म हातात घेऊन गेला, कुणीतरी पंखा मोठा केला. मग नवरा म्हणाला, "तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"मग आता बघा." तिने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. अकरा वर्षं केसाएवढ्या बारीक कामाला कधी न हललेले ते हात थरथरत होते. "घाबरलेय मी. दीड वर्ष मी तुमच्यासोबत असून नसल्यासारखीच होते, म्हणून घाबरलेय. दिवसाला किती?"

"जाऊ दे ना आता, सोडतो मी."

"किती?"

"दोन," नवरा म्हणाला. "फार तर दोन. खरंच."

पेशंटने तोंडाने सांगितलेला आकडा सिस्टर नेहमी मनात दुप्पट करायची. अकरा वर्षांत तिचा हिशोब एकदाही चुकला नव्हता. या बाकावर नवऱ्याचा हात घट्ट धरून बसल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं, देवा, आज तरी माझा चुकू दे.

मग ती उठली आणि हात न सोडता त्यालाही उठवलं. "चला. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना एकपर्यंतच उघडा असतो."